परक्यांचे रोजचे जगणे आणि आपला कॅमेरा

ठाणे, डोंबिवली, कल्याणकडच्या मध्यमवर्गीय घरांत परदेशप्रवास ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेले आईवडील, आठ दिवसांत व्हिएतनाम, बाली, भूतान किंवा जपान पाहून आलेली मंडळी, कंपनीच्या कामासाठी वर्षातून दोनदा जर्मनीला जाणारा शेजारी, अशी माणसे प्रत्येक इमारतीत सापडतात. परत आल्यावर छायाचित्रे दाखवली जातात. पूर्वी अल्बम हातोहात फिरत असे, आता ती फोनवर येऊन पडतात. ढोबळमानाने या छायाचित्रांचे तीन भाग पडतात. पहिला, प्रसिद्ध वास्तूसमोर उभे राहून काढलेली. दुसरा, डोंगर, समुद्र आणि सूर्यास्त. आणि तिसरा, 'तिथले दैनंदिन जीवन'. प्रस्तुत लेख या तिसऱ्या भागाविषयी आहे. कॅमेरा थोडा गांभीर्याने वापरणारा माणूस पहिल्या दोन भागांना जरा नाके मुरडतो आणि आपली खरी मिळकत तिसऱ्या भागात आहे असे मानतो. म्हणूनच तो भाग तपासून पाहण्याजोगा आहे.

त्या भागात काय असते? शंकूच्या आकाराची टोपी घातलेली भाजीवाली, प्रार्थनाचक्र फिरवणारी सुरकुतलेली आजी, भातखाचरात वाकलेला शेतकरी, किमोनो घालून गल्लीतून जाणारी तरुणी, दाराशी बसून हसणारे मूल. चित्रे देखणी असतात, प्रकाश उत्तम साधलेला असतो. तरीही दहा जणांच्या अल्बममध्ये तीच माणसे, त्याच ठिकाणी, त्याच कोनातून दिसू लागली की शंका येते. त्या देशातली बहुसंख्य माणसे सकाळी उठून बसने कामावर जातात, बँकेत रांग लावतात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून फोन पाहत जेवतात. ती या दैनंदिन जीवनात का नाहीत? उत्तर सोपे आहे. ती आपल्यासारखी दिसतात. आपण गोळा करतो ते त्यांच्या जीवनातले रोजचे नसते, आपल्याला नवे वाटलेले असते, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे. रोजचेपणा पुनरावृत्तीत असतो आणि पुनरावृत्ती एका भेटीत दिसत नाही.

हे आपल्याला कुणी परक्याने समजावून सांगायला नको. परक्या कॅमेऱ्याने पाहिले जाण्याचा अनुभव आपल्या भागाला दीडशेहून अधिक वर्षांचा आहे. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ साली धावली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणला पोचला आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. म्हणजे आगगाडी आणि कॅमेरा आपल्याकडे जवळजवळ हातात हात घालून आले. त्या सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढत. तेव्हा एतद्देशीयांच्या हाती कॅमेरा नव्हता असे नाही. पण ज्या चित्रांतून विलायतेत आपली ओळख झाली ती मुख्यतः साहेबांनी घेतलेली होती. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली लंडनहून दोन खंड प्रसिद्ध केले. मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातीजमातींची छायाचित्रे आणि त्याखाली वर्णने, असे त्यांचे स्वरूप. दुसरा खंड महाराष्ट्रावर आहे. या चित्रांचे तंत्र मोठे बोलके आहे. माणसांचे गट एका जागी उभे करून टिपायचे, मग त्यांच्या आकृत्या दुसऱ्याच कुठल्या तरी दृश्यावर बसवायच्या आणि दोहोंचे मिळून एक चित्र करायचे. माणसे खरी, जागाही खरी, पण ती माणसे त्या जागी कधी उभीच नव्हती. माणसाला त्याच्या जागेपासून आणि त्याच्या वेळेपासून सोडवून 'नमुना' करण्याची ही रीत पुढे तंत्र बदलले तरी टिकून राहिली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आपण पुन्हा एकदा जगाच्या भिंतींवर लागलो, ते सेबास्तियाओ साल्गादो या ब्राझिलियन छायाचित्रकारामुळे. १९९५ साली त्याने चर्चगेट स्थानकात घेतलेले कृष्णधवल चित्र अनेकांनी पाहिले असेल. दोन बाजूंना दोन लोकल स्थिर उभ्या आहेत आणि मधल्या फलाटावरून माणसांचा लोट धूसर होऊन वाहतो आहे. शटर किंचित जास्त वेळ उघडे ठेवल्यामुळे चालणारी माणसे विरघळली आहेत, थबकलेली काही तेवढी स्पष्ट आहेत. चित्र म्हणून ते थोर आहे यात वाद नाही. पण २००० साली ते ज्या ग्रंथात आले त्याचा विषय स्थलांतर हा होता. निर्वासितांचे तांडे, सीमा ओलांडणारी कुटुंबे, उद्ध्वस्त गावे यांच्या पंक्तीला हे लोकलचे प्रवासी जाऊन बसले. साल्गादो मूळचा अर्थशास्त्रज्ञ. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. मुंबई स्थलांतरितांचीच आहे, आणि कोकणातून, घाटावरून आलेल्यांची मुले-नातवंडेच पुढे जागेच्या भावामुळे गिरगाव, दादर सोडून डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. तरीही त्या लोंढ्यातल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर तो कुठेही परागंदा होत नव्हता. तो कामावर निघाला होता आणि संध्याकाळी जेवायला घरी परतणार होता. त्या चित्रात सगळे आहे, फक्त 'परत येणे' नाही. आणि परत येणे वगळले तर रोजच्या जगण्यात उरते काय?

लोकलने रोज जाणाऱ्याला गर्दी अशी एकसंध दिसतच नाही. कोण कोपरहून किंवा दिव्याहून उलटे येऊन डोंबिवली लोकलमध्ये आधीच जागा धरून बसले आहे, चौथ्या सीटवर टेकू देणारा कोण आणि पाय पसरणारा कोण, ठाणे आल्यावर कोण उठून उभ्याला जागा देणार, भजनाचा डबा कोणता, महिलांच्या डब्यात मेथीची जुडी कोणत्या स्थानकापर्यंत निवडून होते, दसऱ्याला डब्याला तोरण बांधायची वर्गणी कोण गोळा करतो, हे त्याला पाठ असते. बाहेरच्याला जिथे लोंढा दिसतो तिथे आतल्याला सूक्ष्म शिस्तीचा, रुसव्याफुगव्यांचा, मदतीचा एक संसार दिसतो. कॅमेरा घेऊन एकदाच आलेल्या पाहुण्याला हा संसार दिसणे शक्य नाही. त्याला दारात लटकणारी माणसे दिसतात आणि ती तो टिपतो.

या लटकण्याविषयी इथे थोडे थांबले पाहिजे. मुंबईची लोकल म्हटले की जगभर जे चित्र डोळ्यांपुढे येते ते दाराबाहेर द्राक्षांच्या घडासारखी लोंबणारी माणसे, वाऱ्यावर उडणारे शर्ट आणि क्वचित एखाद्याचे हसू. चित्रांत ते साहसी वाटते, त्यात एक लयही दिसते. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जात असताना त्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला. त्या बातमीनंतर तसले चित्र निव्वळ रचना म्हणून पाहणे आपल्याकडच्या कुणाला जमेल असे वाटत नाही. सुंदर दिसणारी ती रांग जागेअभावी तयार झालेली असते. चित्रात कारण दिसत नाही, परिणाम तेवढा दिसतो, आणि परिणाम देखणा असला की कारण विचारायचे राहून जाते. रोजच्या जीवनाचे छायाचित्र नुसतेच चटकदार असले तर काय बिघडले, या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे.

असे असूनही, 'बाहेरच्याने पाहूच नये' हा निष्कर्ष मला मान्य नाही. सवयीने आपली नजर बोथट होते हे खरेच आहे. गर्दीच्या आत असलेल्याला गर्दीचा आकार कळत नाही, तो साल्गादोने दाखवला. शिवाय आतला आणि बाहेरचा ही विभागणी पासपोर्टवर ठरत नाही. रघुबीर सिंग हे जयपूरचे, पुढे पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क इथे राहिलेले. मुंबई त्यांचीही नव्हती. पण १९९४ साली आलेल्या त्यांच्या मुंबईवरील पुस्तकातली रंगीत चित्रे पाहिली तर फरक जाणवतो. दुकानांच्या काचा, त्यांतली प्रतिबिंबे, अर्धवट कापली गेलेली माणसे, एकाच चौकटीत चाललेली चार वेगवेगळी कामे अशी ती दाटीवाटी आहे. चित्राचा नायक कोण हे चटकन ठरवता येत नाही. याउलट स्टीव्ह मॅकरी या अमेरिकन छायाचित्रकाराची भारतातली चित्रे आठवावीत. मधोमध एक माणूस, भेदक डोळे, मागे गडद भिंत, फेट्याचा रंग ठळक. तेजू कोल या लेखकाने २०१६ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात नेमकी या दोघांची तुलना केली आणि मॅकरीच्या चित्रांतली अतिपरिपूर्णता हाच त्यांचा दोष असल्याचे म्हटले. योगायोग असा की त्याच वर्षी इटलीतल्या एका प्रदर्शनात मॅकरीच्या क्यूबातल्या एका चित्रात संगणकावर केलेली फेरफार उघडकीस आली. मग लोकांनी आणखी चित्रे तपासली तेव्हा काहींतून माणसे आणि वस्तू पुसून टाकल्याचे आढळले. आपण वृत्तछायाचित्रकार नसून दृश्यांतून कथा सांगणारे आहोत, असा बचाव मॅकरीने केला. जॉन्सनने १८६३ मध्ये माणसे दृश्यावर चिकटवली, इथे दृश्यातून ती काढून टाकली गेली. दोन्हीकडे हव्या असलेल्या चित्रापुढे असलेले जगणे दुय्यम ठरले.

आता उलट बाजूने पाहू. डोंबिवलीकराने परदेशातले रोजचे जगणे कसे पाहावे? यासाठी मला मिखाएल वोल्फ या जर्मन छायाचित्रकाराची टोकियोतली चित्रमालिका फार उपयोगी वाटते. 'टोकियो कॉम्प्रेशन' या नावाने ती २०१० साली पुस्तकरूपात आली आणि त्याच वर्षी वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत 'दैनंदिन जीवन' याच विभागात तिला पारितोषिक मिळाले. वोल्फ हाँगकाँगला राहत असे. २०१९ साली तो वारला. टोकियोतल्या एका स्थानकावर सकाळच्या गर्दीच्या वेळी तो पुन्हापुन्हा जाऊन उभा राहिला आणि गाडीच्या बंद काचेला चेपल्या गेलेल्या प्रवाशांचे चेहरे त्याने टिपले. काचेवर श्वासांची वाफ साचलेली, गाल दबलेला, डोळे मिटलेले. डबा नाही, स्थानक नाही, फक्त काच आणि चेहरा.

ही चित्रे पाहून पाश्चात्य समीक्षकांना आधुनिक शहरातला नरक आठवला. ठाणे-डोंबिवलीच्या वाचकाला काय आठवेल? मला वाटते, त्याला ओळख पटेल. त्या मिटलेल्या डोळ्यांत त्याला नरक दिसणार नाही. गर्दीत स्वतःपुरती चार बोटे जागा राखण्याची ती युक्ती आहे, हे तो लगेच ओळखेल. कारण शरीर हलवता येत नाही तेव्हा माणूस डोळे मिटून एकटा होतो. जपानची स्वच्छ स्थानके आणि मिनिटाला मिनिट पाळणाऱ्या गाड्या यांच्या कौतुकात बुडालेल्या आपल्या सहलकऱ्यांच्या अल्बममध्ये हा माणूस कधीच नसतो. खरे तर त्या देशातला आपला सर्वांत जवळचा नातेवाईक तोच आहे.

पण याच मालिकेत काही जणांनी कॅमेरा दिसताच हाताने तोंड झाकले आहे. तीही चित्रे पुस्तकात आहेत. गाडीच्या काचेआड अडकलेल्या त्या माणसाला सरकून जाणे शक्य नव्हते, नकार देण्याचा तेवढा एकच मार्ग त्याच्याजवळ होता, आणि त्या नकाराचेच चित्र झाले. वोल्फची चिकाटी मला आदरणीय वाटते. हा हात मात्र मला अडवतो. एकाच जागी पुन्हापुन्हा गेल्यामुळे त्याला रोजचेपणा सापडला, पण समोरच्याला त्या व्यवहारात काहीच म्हणायची सोय नव्हती. दोहोंपैकी एक गोष्ट पुरेशी नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. परवानगी मागितली की माणूस सावरून बसतो, हसतो, आणि सहजता जाते. रस्त्यावरच्या छायाचित्रणाची सगळी मोठी परंपरा न विचारता टिपलेल्या क्षणांवर उभी आहे. आक्षेपात तथ्य आहे. भर रस्त्यावरच्या दृश्यात प्रत्येकाला विचारणे अशक्य आहे आणि तशी अट घातली तर आपल्याच शहरांच्या गेल्या शतकाची कितीतरी दृश्ये आपल्याकडे उरली नसती. परंतु दृश्यात माणूस असणे आणि माणूस हेच दृश्य असणे यांत फरक करता येतो. चेहरा हाच विषय असेल तर आधी नाही तरी नंतर विचारता येते, चित्र दाखवता येते, नको म्हटले तर पुसता येते. आता पाटीवरची रेघ पुसावी तितके ते सोपे आहे. आणि विचारल्यावर माणूस सावरून बसला तर बसू दे. आपण कसे दिसावे याविषयी त्याचे काही मत आहे, हेही त्याच्या जगण्याचाच भाग आहे.

न विचारण्याचा अतिरेक झाला की काय होते हे जपाननेच दाखवून दिले आहे. क्योतोच्या गिऑन भागात गैशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्या पर्यटकांना कंटाळून रहिवाशांनी २०१९ साली खासगी गल्ल्यांत छायाचित्रे काढण्यास मनाई करणारे, दहा हजार येन दंडाची सूचना देणारे फलक लावले. २०२४ मध्ये अशा गल्ल्यांत शिरायलाच पर्यटकांना बंदी झाली. त्याच वर्षी मे महिन्यात फुजी पर्वताजवळच्या एका गावात एका दुकानामागे दिसणारा पर्वत टिपायला रस्त्यात होणारी गर्दी हटवण्यासाठी चक्क काळा पडदा उभारावा लागला; तो ऑगस्टमध्ये उतरवला गेला. जी गल्ली गैशेसाठी कामावर जायची वाट आहे ती पर्यटकासाठी रंगमंच झाली. डोंबिवलीच्या पुलावरून सकाळी धावत फलाट गाठताना कुणी समोर कॅमेरा रोखून वाट अडवली तर आपण काय म्हणू, याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही.

मराठीत परक्यांच्या रोजच्या जगण्याकडे पाहण्याची एक जुनी परंपरा आहे, ती प्रवासवर्णनाची. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले तेव्हा त्यात शि. द. फडणीसांची रेखाचित्रे होती. लेखणीची आणि रेषेची एक सोय अशी की पाहणारा स्वतः त्यात लपू शकत नाही. हे 'मी' पाहिले, मला असे वाटले, मी गोंधळलो, हे वाक्यावाक्यात येते. छायाचित्रात मात्र काढणारा अदृश्य होतो आणि 'हे असेच आहे' असा दाखल्याचा सूर येतो. म्हणून चित्राखालच्या ओळीला फार महत्त्व आहे. 'व्हिएतनाममधील जीवन' असे लिहिण्याऐवजी 'हनोई, मंगळवार, सकाळचे सात, हॉटेलच्या गल्लीतली फोची गाडी. दोन दिवस इथेच नाश्ता केला' असे लिहिले तर चित्र लहान होत नाही, खरे होते.

आठ दिवसांच्या सहलीत पुनरावृत्ती कशी गाठायची, असे विचारले जाईल. थोडी गाठता येते. रोज पहाटे बस सुटण्यापूर्वी हॉटेलच्या आजूबाजूचीच एक गल्ली घ्यावी आणि तिथेच त्याच वेळी जावे. तिसऱ्या दिवशी झाडणारा माणूस आपल्याला ओळखतो, चौथ्या दिवशी आपल्याला त्याची गैरहजेरी कळते. विजेच्या तारा, प्लास्टिकच्या बादल्या, मोबाइलची जाहिरात यांना चौकटीबाहेर ढकलू नये. त्या माणसाच्या जगात त्या आहेत. प्रार्थना करणारे, झोपलेले, आंघोळ करणारे आणि पालक जवळ नसलेली मुले यांच्यावर कॅमेरा रोखू नये. आणि एक साधी कसोटी जवळ ठेवावी. डोंबिवली लोकलच्या खिडकीशी पेंगलेल्या आपल्या बहिणीचे असेच चित्र ओसाकातल्या एखाद्या दिवाणखान्यात 'भारतीय जीवन' म्हणून लागले तर मला चालेल का? चालणार असेल तर खुशाल काढावे.

ही नजर परदेशात पोचल्यावर एकाएकी येत नाही, ती घरी तयार व्हावी लागते. आमच्या गावातले कॅमेरे बाहेर पडतात ते दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर आणि पाडव्याच्या शोभायात्रेत. नऊवारी, फेटे, ढोलताशे. म्हणजे आपणही आपल्याच गावात पर्यटक होऊन, वर्षातून दोनदा, जे नवे दिसते तेच टिपतो. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर सकाळी उतरणारी भाजी, कल्याण स्थानकाबाहेरची रिक्षांची रांग, रात्रीच्या शेवटच्या गाडीने उतरून बंद दुकानांसमोरून घरी जाणारी माणसे यांचे चित्रण फारसे कुणाच्या अल्बममध्ये दिसत नाही. वर्षभर एकाच फलाटावर, एकाच वेळी, उभे राहून काढलेली पन्नास चित्रे डोंबिवलीविषयी जे सांगतील ते शोभायात्रेची पाच हजार चित्रे सांगणार नाहीत. आणि ती पन्नास चित्रे ज्याने काढली आहेत त्याला टोकियोत, हनोईत किंवा थिंफूत गेल्यावर कोणाकडे पाहायचे हे वेगळे शिकवावे लागणार नाही.